स्वस्त स्मार्टफोन आणि मोबाइल मंचाचा विस्तार : किंमत, उपयुक्तता आणि लिपी

१. प्रश्नाचे स्वरूप

कोणतीही वस्तू स्वस्त झाली की तिचा प्रसार वाढतो, हे विधान इतके स्वयंसिद्ध वाटते की त्याची छाननी करण्याची आवश्यकता सहसा कोणास भासत नाही. घड्याळ, सायकल, रेडिओ या वस्तूंच्या बाबतीत ते स्थूलमानाने खरेही ठरले आहे. परंतु स्मार्टफोन ही या अर्थाने एकटी उभी असणारी वस्तू नव्हे. सायकल घेणाऱ्यास आपल्या शेजाऱ्याची सायकल कोणत्या बनावटीची आहे, याची चौकशी करण्याचे कारण नसते. स्मार्टफोन घेणारा मात्र यंत्राबरोबरच एका मोबाइल मंचाचा, म्हणजे व्यवहारात ज्याला ‘प्लॅटफॉर्म’ म्हणतात त्याचा, सभासद होतो. आणि त्या मंचावर आणखी कोण आहे, तेथे काय मिळते व ते कोणत्या भाषेत मिळते, यांवर त्याच्या खरेदीचे सार्थक अवलंबून असते.

म्हणून प्रश्न असा मांडावयास हवा : स्वस्त यंत्रामुळे एखाद्या मंचाचे आकर्षण खरोखर वाढते काय, आणि वाढत असल्यास कोणत्या अटींवर? या प्रश्नाचा विचार करण्यास भारताची बाजारपेठ विशेष उपयुक्त आहे. २०१३ ते २०२३ या दशकात येथे निरनिराळ्या मंचांनी स्वस्त यंत्राच्या आधारे विस्ताराचे प्रयत्न केले. त्यांपैकी काही फसले, काही अंशतः सफल झाले, तर एक-दोन प्रयत्नांनी कोट्यवधी लोकांचे दैनंदिन व्यवहार पालटले. या प्रयोगांच्या यशापयशात भाषेचा आणि लिपीचा वाटा किती, हे पाहणे भाषाभ्यासकांच्या दृष्टीने अगत्याचे आहे. अर्थशास्त्रीय विवेचनात हा वाटा बहुधा ओझरता उल्लेखून सोडला जातो.

२. मंच आणि भाषा : एक साम्य

मोबाइल मंच हा तीन गोष्टींचा समुच्चय असतो. पहिली, यंत्र चालविणारी मूळ प्रणाली. दुसरी, तिच्यावर चालणारी ॲप्स. आणि तिसरी, ही ॲप्स मिळविण्याचे भांडार व त्याचे नियम. अँड्रॉइड आणि आयओएस हे आजचे दोन प्रमुख मंच होत. मंचाचे मूल्य त्याच्या सभासदांच्या संख्येबरोबर वाढते, हा विचार मायकेल कॅट्झ व कार्ल शॅपिरो यांनी १९८५ मध्ये व्यवस्थितपणे मांडला. पुढे २००३ मध्ये जाँ-शार्ल रोशे व जाँ तिरोल यांनी दोन बाजू असलेल्या बाजारपेठेची उपपत्ती मांडली. तिचा आशय असा की, अशा बाजारपेठेत एका बाजूस ग्राहक व दुसऱ्या बाजूस त्यांना सेवा पुरविणारे असतात; दोन्ही बाजू एकमेकींना ओढून आणतात, आणि म्हणून एका बाजूकडून कमी मोल घेऊन ते दुसऱ्या बाजूकडून भरून काढणे मंचाच्या मालकास परवडते.

भाषेच्या अभ्यासकास हे चित्र अपरिचित वाटू नये. भाषा हीदेखील असाच एक मंच होय. ती बोलणारे जितके अधिक, तितकी ती शिकणाऱ्यास अधिक उपयोगाची. आणि जितकी उपयोगाची, तितके तिचे भाषक अधिक. परंतु भाषेच्या अभ्यासाने आणखी एक गोष्ट शिकविली आहे. केवळ भाषकसंख्येवरून भाषेचे सामर्थ्य ठरत नाही. ती किती व्यवहारक्षेत्रांत वापरली जाते, यावरून ते ठरते. घरात बोलली जाणारी परंतु कचेरीत, न्यायालयात वा शाळेत न चालणारी भाषा कोट्यवधींची असूनही दुबळी राहू शकते.

हाच भेद मंचालाही लावता येईल. मंचाच्या विस्ताराचे दोन अर्थ संभवतात. एक म्हणजे त्याचा प्रसार, अर्थात् किती हातांत तो पोहोचला. दुसरा म्हणजे त्याचे रुजणे, अर्थात् पोहोचल्यावर तो किती व्यवहारांत वापरला गेला. स्वस्त यंत्राचा संबंध प्रामुख्याने पहिल्या अर्थाशी आहे. दुसऱ्या अर्थाने विस्तार होण्यास मात्र अन्य कारणे लागतात, हे पुढील विवेचनावरून दिसून येईल.

३. यंत्र स्वस्त कसे झाले

गूगल व तिच्या सहकारी कंपन्यांनी अँड्रॉइड हा मंच नोव्हेंबर २००७ मध्ये जाहीर केला. त्याची मूळ संहिता खुली असून ती वापरण्यास यंत्र बनविणाऱ्यास काही मोल द्यावे लागत नव्हते. तथापि पहिली काही वर्षे अँड्रॉइडचे फोन महागच होते. किंमत उतरली ती मुख्यतः यंत्रांगांच्या बाजूने. तैवानच्या मीडियाटेक या कंपनीने केवळ चिप न विकता तिच्यासोबत यंत्राचा जवळजवळ तयार आराखडा देण्याची पद्धत रूढ केली. त्यामुळे चीनमधील शेन्झेनच्या परिसरातील कारखान्यांना थोड्या भांडवलावर आणि थोड्या अवधीत फोन तयार करता येऊ लागले. मायक्रोमॅक्स, कार्बन, लाव्हा, इंटेक्स, स्पाइस या भारतीय कंपन्यांनी अशी यंत्रे आपल्या नावाने येथे विकली, आणि २०१० नंतरच्या चार-पाच वर्षांत स्मार्टफोन हा मध्यमवर्गाच्या खालच्या थरापर्यंत उतरला.

प्रणालीच्या बाजूने अडचण होती ती मेमरीची. नवी आवृत्ती निघाली की तिला अधिक मेमरी लागे, आणि स्वस्त यंत्र जुन्या आवृत्तीवरच अडकून पडे. २०१३ मधील अँड्रॉइड ४.४ ही आवृत्ती ५१२ एमबी मेमरीच्या यंत्रावर चालावी अशा बेताने तयार करण्यात आली. पुढे डिसेंबर २०१७ मध्ये एक जीबी वा त्याहून कमी मेमरीच्या यंत्रांसाठी ‘अँड्रॉइड गो’ ही हलकी शाखा आली.

येथे असा प्रश्न उद्भवतो की, मंचाच्या मालकास स्वस्त यंत्राचा इतका ध्यास का असावा? याचे उत्तर उत्पन्नाच्या मार्गात आहे. ॲपल कंपनीचे उत्पन्न मुख्यत्वे यंत्राच्या विक्रीतून येते. म्हणून किंमत उतरविण्याची तिला निकड नसते. गूगलचे उत्पन्न जाहिरातींतून येते. म्हणून तिच्या दृष्टीने प्रत्येक नवा वापरणारा, मग तो सहा हजारांचे यंत्र घेवो वा साठ हजारांचे, हा भावी उत्पन्नाचा धनी असतो. मंच फुकट असला तरी त्याच्या सोबतीची गूगलची ॲप्स करारानेच मिळतात व त्या करारास अटी असतात. या अटींच्या संदर्भातच भारतीय स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये गूगलला १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. फुकटपणा हादेखील व्यापाराचाच एक प्रकार होय, एवढे यावरून ध्यानात घ्यावे.

४. तीन प्रयोग

(अ) फायरफॉक्स ओएस. मोझिला या संस्थेने २०११ मध्ये या मंचाचे काम हाती घेतले व जुलै २०१३ मध्ये स्पेनमध्ये त्याचा पहिला फोन विक्रीस आला. कल्पना आकर्षक होती. वेबपृष्ठे ज्या तंत्राने बनतात त्याच तंत्राने ॲप्स बनवावीत, म्हणजे प्रणाली हलकी राहील व यंत्र स्वस्त होईल. ऑगस्ट २०१४ मध्ये इंटेक्सचा ‘क्लाउड एफएक्स’ हा फोन भारतात केवळ १,९९९ रुपयांस मिळू लागला. साडेतीन इंचांचा पडदा आणि १२८ एमबी मेमरी, असा त्याचा संसार होता. त्यावर ३जी जाळे चालत नसे. किंमत हा एकच निकष असता तर या मंचाने बाजारपेठ जिंकावयास हवी होती. परंतु डिसेंबर २०१५ मध्ये मोझिलाने सेवा-कंपन्यांमार्फत स्मार्टफोन विकण्याचा उपक्रम थांबविल्याचे जाहीर केले.

अपयशाची कारणे उघड आहेत. जाळे मंद असल्याने वेबवर आधारलेली प्रणाली पांगळी झाली. त्याहून महत्त्वाचे म्हणजे व्हॉट्सॲपचे अधिकृत ॲप या मंचावर नव्हते. ज्या काळी नातेवाईक, शाळेतील पालक, गावातील मंडळे व्हॉट्सॲपवर एकत्र येत होती, त्या काळी त्याविना असलेला स्मार्टफोन म्हणजे जेथे ओळखीचे कोणीच राहत नाही अशा गावातले स्वस्त घर. मायक्रोसॉफ्टच्या विंडोज फोन या मंचाचाही अनुभव याच जातीचा आहे. २०१३ मधील ‘ल्युमिया ५२०’ हा स्वस्त व टिकाऊ फोन चांगला खपला. तथापि ॲप्स लिहिणारे त्या मंचाकडे पुरेसे वळले नाहीत, आणि तो मंच पुढे बंद पडला.

(आ) अँड्रॉइड वन. गूगलने हा कार्यक्रम जून २०१४ मध्ये जाहीर केला आणि १५ सप्टेंबर २०१४ रोजी भारतात त्याचा आरंभ झाला. मायक्रोमॅक्स, कार्बन व स्पाइस यांचे तीन फोन सुमारे ६,४०० रुपयांस उपलब्ध झाले. साडेचार इंचांचा पडदा, एक जीबी मेमरी, आणि प्रणालीच्या नव्या आवृत्त्या थेट गूगलकडून वेळेवर मिळण्याचे आश्वासन, ही त्यांची वैशिष्ट्ये होती. ॲप्सचा प्रश्न येथे नव्हताच. तरीही पहिल्या टप्प्यात हा कार्यक्रम अपेक्षेइतका रुजला नाही. आरंभीची विक्री केवळ ऑनलाइन दुकानांतून झाली. परंतु पहिला स्मार्टफोन घेणारा मनुष्य बाजारपेठेतल्या ओळखीच्या दुकानात जातो, यंत्र हातात घेऊन पाहतो व दुकानदाराचा सल्ला विचारतो. आणि ज्या फोनात आपल्यास वाटा नाही त्याची शिफारस दुकानदार करीत नाही. शिवाय त्याच महिन्यात शाओमीचा ‘रेडमी १एस’ ५,९९९ रुपयांस आला. ज्याने एकही आवृत्ती पाहिलेली नाही, त्यास ‘पुढील आवृत्ती वेळेवर मिळेल’ या आश्वासनाचे मोल कळणे कठीण होते.

मात्र या प्रयोगाचे एक फलित भाषेच्या दृष्टीने लक्षणीय आहे. २०१४ च्या अखेरीस आलेल्या अँड्रॉइड ५.० या आवृत्तीत ज्या पंधरा भाषांची नव्याने भर पडली, त्यांत बंगाली, कन्नड, मल्याळम, तमिळ, तेलुगू, नेपाळी यांच्याबरोबर मराठीचाही समावेश होता. अँड्रॉइड वनच्या यंत्रांना पुढील वर्षी ५.१ ही आवृत्ती मिळाली. त्याच किमतीची इतर कित्येक यंत्रे जुन्या आवृत्तीवर राहिली. म्हणजे वेळेवर मिळणारी आवृत्ती ही केवळ तांत्रिक सोय नव्हती. सूचना आणि रकाने मराठीत दिसणार की इंग्रजीत, हेही तिच्यावर अवलंबून होते.

(इ) जिओफोन. रिलायन्स जिओचे ४जी जाळे सप्टेंबर २०१६ मध्ये खुले झाले आणि डेटाचे दर झपाट्याने उतरले. जुलै २०१७ मध्ये कंपनीने जिओफोन जाहीर केला. १,५०० रुपयांची अनामत ठेवावयाची व ती तीन वर्षांनी परत मिळावयाची, अशी योजना होती. यंत्र कळांचे, पडदा २.४ इंचांचा, परंतु जाळे ४जी. याची प्रणाली होती कायओएस. आणि ही कायओएस म्हणजे बंद पडलेल्या फायरफॉक्स ओएसच्याच खुल्या संहितेपासून निघालेली शाखा.

अभ्यासकास असा योग क्वचित् लाभतो. एकाच कुळातील दोन प्रणाली, दोन्ही अतिस्वस्त यंत्रांवर, एकाच देशात, तीन वर्षांच्या अंतराने आल्या. पहिली फसली आणि दुसरी कोट्यवधी लोकांपर्यंत पोहोचली. २०२० मध्ये जिओफोनची संख्या दहा कोटींवर गेल्याचे कंपनीने सांगितले. दोहोंच्या किमतीत फारसे अंतर नव्हते. अंतर होते ते भोवतालच्या परिस्थितीत. पहिलीच्या वेळी वेगवान जाळे नव्हते, दुसरीच्या वेळी ते यंत्रासोबतच मिळाले. पहिलीपाशी व्हॉट्सॲप नव्हते; दुसरीपाशीही आरंभी ते नव्हते, परंतु सप्टेंबर २०१८ मध्ये ते आले. दुसरीला तोंडी आज्ञा देण्याची सोय होती. त्यामुळे ज्यांना लिहिण्याचा सराव नाही त्यांनाही गाणे वा चित्रफीत शोधता आली.

परंतु या यशासही मर्यादा पडल्या. मंचावरील ॲप्स थोडीच राहिली, आणि जो वापरणारा तयार झाला त्याला मोठ्या पडद्याचे आकर्षण वाटू लागले. स्वतः जिओनेच नोव्हेंबर २०२१ मध्ये गूगलच्या सहकार्याने अँड्रॉइडवर आधारलेला ‘जिओफोन नेक्स्ट’ ६,४९९ रुपयांस आणला. त्यात पडद्यावरील मजकूर वाचून दाखविण्याची व त्याचे भाषांतर करण्याची सोय होती. २०२४ मध्ये कायओएसवर व्हॉट्सॲप नव्याने मिळणे बंद झाले. कायओएस अशा रीतीने अनेकांच्या बाबतीत मुक्काम न ठरता पायरी ठरली. तरी पायरीची गरज संपलेली नाही, हे जुलै २०२३ मध्ये ९९९ रुपयांस जाहीर झालेल्या ‘जिओ भारत’ या कळांच्या फोनवरून दिसते.

५. लिपीचा अडसर

वरील प्रयोगांत जाळे, ॲप्स आणि दुकानदार या अटी स्पष्ट दिसतात. चौथी अट, म्हणजे लिपी, तितकी स्पष्ट दिसत नाही, कारण ती अडली तरी विक्रीच्या आकड्यांत लगेच उमटत नाही. २०११ च्या जनगणनेत मराठी मातृभाषा असलेल्यांची संख्या ८.३ कोटी होती, तर इंग्रजी मातृभाषा असलेले संपूर्ण देशात तीन लाखांहूनही कमी होते. गूगल व केपीएमजी यांच्या २०१७ च्या अहवालानुसार २०१६ मध्ये भारतीय भाषांतून इंटरनेट वापरणारे २३.४ कोटी, तर इंग्रजीतून वापरणारे १७.५ कोटी होते. महागड्या फोनचा ग्राहक इंग्रजी जाणणारा, म्हणून तेथे लिपीचा अडसर भासला नाही. किंमत जसजशी उतरली तसतसा मंच अशा लोकांपर्यंत पोहोचला की ज्यांच्या बाबतीत लिपी हाच प्रवेशाचा उंबरठा होता.

भाषा यंत्रात उतरते ती चार पातळ्यांवर : मजकूर नीट दिसणे, तो लिहिता येणे, यंत्राच्या सूचना त्या भाषेत असणे, आणि यंत्राला ती ऐकू व बोलता येणे. पहिली पातळी सर्वांत प्राथमिक. अँड्रॉइडच्या आरंभीच्या आवृत्त्यांत देवनागरीचा टंकच नव्हता. मराठी मजकुराच्या जागी रिकामे चौकोन दिसत. टंक आल्यावरही अक्षरजुळणीचा प्रश्न उरतो. देवनागरीत उच्चाराचा क्रम आणि लेखनाचा क्रम सर्वत्र एक नसतो. ‘कि’ या अक्षरात वेलांटी संगणकाच्या संकेतात ‘क’नंतर येते, परंतु पडद्यावर ती आधी दिसावी लागते; ‘र्क’ मधील रफार संकेतात आधी येतो, परंतु दिसतो ‘क’च्या डोक्यावर. ही जुळणी करणारा भाग प्रणालीत नसेल तर वाचकास तुटलेली, विस्कटलेली अक्षरे दिसतात.

मराठीच्या अडचणी हिंदीहून काही बाबतींत निराळ्या आहेत. ‘दर्या’ म्हणजे समुद्र, ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधील खोलगट भाग. ‘आचार्यांना’ म्हणजे गुरूंना, ‘आचाऱ्यांना’ म्हणजे स्वयंपाक्यांना. हा अर्धा ‘र’ मराठीत अर्थभेदक आहे. ज्या टंकास वा कळफलकास तो ठाऊक नाही, तो मराठीचा अर्थच बदलून टाकतो. ‘ॲ’ या अक्षराची गोष्ट तर उद्बोधक आहे. युनिकोडमध्ये या अक्षरास स्वतंत्र स्थान मिळाले ते २००८ मध्ये, ५.१ या आवृत्तीत. त्यापूर्वी ‘ऍ’ वापरून अथवा ‘अ’वर चंद्र चढवून काम भागवावे लागे. महाराष्ट्र शासनाने नोव्हेंबर २००९ मध्ये प्रमाणित मराठी वर्णमालेविषयी जो निर्णय काढला, त्यात मराठी वळणाचे ‘ल’ आणि ‘श’ यांचाही आग्रह आहे. टंकाच्या निर्मात्याने हिंदी वळण गृहीत धरले तर मराठी वाचक ते वाचू शकतो, परंतु ते त्यास परके भासते.

लेखनाच्या बाबतीत किमतीने लिपीवर कसा परिणाम केला, याचे एक ठळक उदाहरण एसएमएसचे आहे. एका संदेशात रोमन लिपीची १६० अक्षरे मावत. देवनागरी वापरल्यास मर्यादा ७० संकेतांवर येई, आणि त्यांत मात्रा, वेलांटी, अनुस्वार हे सर्व निरनिराळे मोजले जात. म्हणजे तेच वाक्य मराठीत लिहिल्यास दोन वा तीन संदेशांचे पैसे पडत. रोमन लिपीत मराठी लिहिण्याची सवय लागण्यामागे कळफलकाच्या गैरसोयीबरोबर हेही कारण असणे शक्य आहे. या सवयीत ‘काळ’ आणि ‘काल’, ‘मण’ आणि ‘मन’, ‘बाळ’ आणि ‘बाल’ यांतील भेद लोपतो; संदर्भाने वाचक तो भरून काढतो, परंतु लेखनातून तो नाहीसा झालेला असतो. स्वस्त डेटावर चालणाऱ्या संदेश-ॲप्सनी देवनागरीवरील हा जादा भार काढून टाकला. पुढे ऑगस्ट २०१७ मध्ये गूगलने मराठीसह आठ भारतीय भाषांत बोलून लिहिण्याची सोय दिली, तेव्हा कळफलकाचा अडसरही बराच ओसरला.

या बाबतीत केवळ बाजारपेठेवर विसंबून न राहता भारतीय मानक ब्यूरोने २०१६ मध्ये मोबाइल फोनसाठी भाषाविषयक मानक ठरविले. सर्व २२ अनुसूचित भाषांतील मजकूर फोनवर दिसावा, आणि इंग्रजी, हिंदी व किमान आणखी एका भारतीय भाषेत लिहिता यावे, असा त्याचा आशय. मुंबईत वाढलेल्या ‘इंडस ओएस’ने २०१५ पासून अँड्रॉइडच्या पायावर भारतीय भाषांना अग्रस्थान देणारी प्रणाली स्वस्त फोनांवर दिली होती. मोठ्या मंचांनी त्याच सोयी आपल्याकडे आणल्यावर अशा स्वतंत्र प्रणालीचे वेगळेपण उरले नाही. परंतु भाषा हे स्वस्त फोनचे शोभेचे अंग नसून त्याच्या उपयुक्ततेचा गाभा आहे, हे अशा प्रयत्नांनी दाखवून दिले.

६. मुद्रणाच्या इतिहासातील एक तुलना

नवे साधन, त्याची किंमत आणि लिपी यांचा हा त्रिकोण मराठीस नवा नाही. मुंबईत गणपत कृष्णाजी यांनी १८४१ च्या सुमारास मराठी पंचांग छापले. छापील पंचांग हाती लिहिलेल्या प्रतीहून स्वस्त पडे, हे खरे. परंतु तेवढ्याने ते घरोघर गेले नसते. पंचांग ही प्रत्येक घराची गरज होती. शिवाय शाईत चरबी असते या समजुतीने छापील पोथीस हात न लावणाऱ्या वाचकासाठी त्यांनी तुपाची शाई वापरली, असे त्या काळच्या वर्णनांवरून समजते. स्वस्ताई, गरज आणि संकोचाचे निवारण या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या, तेव्हा मुद्रण रुजले.

या इतिहासाची दुसरी बाजूही विसरता येत नाही. १८१० मध्ये श्रीरामपूर येथे प्रसिद्ध झालेला विल्यम केरीचा मराठी कोश मोडी टंकात होता. पुढे मराठी मुद्रण बालबोधीत स्थिरावले, आणि मोडी दप्तरापुरती उरली. मोडीच्या ऱ्हासास अन्य कारणेही होती. तथापि नव्या साधनात जिला जागा मिळाली नाही ती लिपी हळूहळू व्यवहारातूनही मागे सरकली, एवढे निश्चित. आरंभीच्या काही वर्षांत ज्या सोयी असतात, त्यांभोवती सवयी बनतात; आणि सोयी मागाहून आल्या तरी सवयी सहजासहजी बदलत नाहीत.

७. उपसंहार

या सर्व विवेचनातून निघणारा निष्कर्ष थोडक्यात असा : स्वस्त यंत्र ही मंचाच्या विस्ताराची आवश्यक अट आहे, पुरेशी नव्हे. किंमत उतरली की दार उघडते. आत आलेल्यास तेथे राहावेसे वाटणे हे जाळे, उपयुक्त ॲप्स, विश्वासाचा दुकानदार आणि स्वतःची लिपी यांवर अवलंबून असते. फायरफॉक्स ओएसपाशी किंमत होती, परंतु ओळखीची माणसे नव्हती. अँड्रॉइड वनपाशी ॲप्स होती, परंतु दुकान नव्हते. जिओफोनपाशी जाळे होते, आणि माणसे आल्यावर तो काही काळ बहरला.

स्वस्त यंत्रासाठी केलेल्या हलक्या आवृत्त्यांचे भवितव्यही येथे सूचक आहे. डेटा वाचविण्यासाठी निघालेले ‘यूट्यूब गो’ हे ॲप २०२२ मध्ये बंद करण्यात आले, कारण मूळ ॲपच साध्या यंत्रांवर चालेल इतके सुधारले होते. गरीब ग्राहकासाठी वेगळी, दुय्यम रचना करण्यापेक्षा मुख्य रचनाच त्यास पेलेल अशी करणे अधिक टिकाऊ ठरते. भाषेसही हेच लागू पडते. मराठी ही मागाहून जोडलेली, भाषांतरित रकान्यांपुरती भाषा राहिली, तर यंत्र मराठी माणसाच्या हाती असूनही बँक, दवाखाना, शाळा, पीकविमा यांचे व्यवहार तो दुसऱ्यास विचारूनच करील. मंचाच्या मालकास तो एक सभासद म्हणून मोजता येईल. मराठीस मात्र त्याने एकही व्यवहारक्षेत्र मिळालेले नसेल.

म्हणून भाषाविज्ञानाच्या विद्यार्थ्यांनी या विषयाकडे निव्वळ व्यापाराचा विषय म्हणून पाहू नये. स्वस्त फोन घेणारे कोणत्या पडद्यावर मराठी ठेवतात व कोणत्या पडद्यावर इंग्रजीकडे वळतात, बोलून लिहिताना बोलींतील रूपे यंत्र कितपत ओळखते, रोमन लिपीची सवय कोणत्या वयोगटात टिकून आहे, हे प्रश्न क्षेत्रीय पाहणीचे आहेत आणि ती पाहणी कोणत्याही गावच्या बाजारात करता येण्यासारखी आहे. सवयी अद्याप घडत आहेत, तोवरच ती करणे इष्ट होय.